सतरा नंबरची पट्टी

४ मार्च
थेंब : सकाळी आठ, दुपारी बारा, चार, झोपण्याआधी.
डॉक्टरांनी थेंबांची नोंद ठेवायला सांगितली आहे, म्हणून ही वही. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू परवा काढला. आज डोळा उघडला. मुलगी सोबत होती. तीच मागे लागली होती. "आई शेवटी एवढंच म्हणाली होती, बाबांच्या डोळ्यांचं बघ," असं तिचं म्हणणं. बायकोला जाऊन साडेचार महिने झाले.
घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या फरशीवरचे डाग दिसले. मला वाटत होतं फरशी स्वच्छ आहे. फडकं घेऊन बसलो तर मुलगी ओरडली, "बाबा, वाकायचं नाही सांगितलंय ना! आई असती तर फडकं हिसकावून घेतलं असतं."
तिने नसतं हिसकावलं. तिने ते आधीच पुसून ठेवलं असतं आणि मला कळलंही नसतं.

५ मार्च
चार थेंब. विशेष काही नाही.

८ मार्च
चार थेंब. मुलगी उद्या तिच्या घरी जाते आहे. जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं तिथे नक्की करत काय होतात? लहानपणी मी सगळ्यांना सांगायचे, माझे आईबाबा ठिपके मोजतात."
तिला सांगितलं. थोरियमचा अगदी पातळ थर घ्यायचा, त्यावर न्यूट्रॉन सोडायचे. एखादं केंद्रक फुटलं की त्याचे दोन तुकडे उलट दिशांना उडतात. समोर प्लॅस्टिकची पट्टी ठेवलेली असते, तिच्यात एक तुकडा घुसतो आणि जखम करतो. ती इतकी बारीक की दिसत नाही. पट्टी गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली की जखम रुंदावते आणि मायक्रोस्कोपखाली काळ्या काडीसारखी दिसते. एक काडी म्हणजे फुटलेलं एक केंद्रक. न्यूट्रॉनचा वेग बदलायचा, नवी पट्टी लावायची, पुन्हा काड्या मोजायच्या. कोणत्या वेगाला किती केंद्रकं फुटतात ते कळतं.
"म्हणजे ठिपकेच," ती म्हणाली. आम्ही दोघं हसलो. जेवणाच्या टेबलाशी कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

९ मार्च
चार थेंब. आजपासून कामावर.
फाटकातच वर्कशॉपमधला लेथवाला भेटला. "या गरुडसाहेब! आता काय, भिंतीपलीकडचंही दिसणार!" प्रयोगशाळेत मला सगळे गरुड म्हणतात. तिशीत असताना मी एका पट्टीवर इतरांना न दिसलेल्या अकरा काड्या शोधल्या होत्या, तेव्हापासून. बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती माझ्या दोन वर्षं आधी तिथे लागली होती आणि मायक्रोस्कोप मला तिनेच शिकवला. तरी ती वहिनी आणि मी गरुड.
अकराला बाईंनी बोलावलं. बाई आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या कधी बसा म्हणत नाहीत, समोरची खुर्ची पायाने थोडी मागे सारतात. टेबलावर एक छापील लेख होता.
"गरुड, आपलं कुबड गेलं म्हणतात."
सहा वर्षांपूर्वी आम्ही चोवीस पट्ट्या मोजल्या. आलेखाची रेघ सरळ चढत गेली होती, फक्त सतराव्या पट्टीला एकदम वर उचलली गेली. त्या उंचवट्याला आम्ही कुबड म्हणायचो. एका ठरावीक वेगाला थोरियम जास्त सहज फुटतं, असा त्याचा अर्थ होता. बाईंनी त्यावर निबंध लिहिला. पुढे इतरांनी त्यावर सिद्धांत रचले. आता दुसऱ्या एका प्रयोगशाळेने काड्या न मोजता नव्या उपकरणाने तोच प्रयोग केला आहे. त्यांना कुबड दिसत नाही.
"ते चुकले असतील किंवा आपण," बाई म्हणाल्या. "सतरा नंबर पुन्हा मोजा. तुमच्याइतकी नजर कोणाची आहे इथे?"
हो म्हणालो. मान वर करून म्हणालो की नाही, आठवत नाही.

१० मार्च
तीन थेंब. चारचा विसरलो.
पट्टी मिळाली. जुन्या लखोट्यावर बायकोच्या अक्षरात १७. लखोटा उघडला नाही.

११ मार्च
चार थेंब. आज मोजली.
माझा आकडा ३६१. सहा वर्षांपूर्वी तिच्या चिठ्ठीवर ४६३ होता आणि माझ्या चिठ्ठीवर ४५९. पुन्हा मोजली. ३५८.
म्हणजे कुबड नाहीच. पट्टी सोळा आणि अठरासारखीच साधी आहे.
मोजून झाल्यावर पहिला विचार काय आला ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. वाटलं, चला, चूक तिची होती. आणि बरं वाटलं. ती गेली आहे आणि मला तिची चूक सापडली म्हणून बरं वाटलं.

१२ मार्च
चार थेंब.
आता सगळंच लिहून टाकतो.
प्रत्येक पट्टी दोघांनी स्वतंत्र मोजायची, हा नियम. ती सकाळी मोजायची, मी दुपारी. आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पेटीची किल्ली बाईंकडे. दोन आकड्यांत शंभराला पाचापेक्षा जास्त फरक निघाला तर बाई स्वतः तिसऱ्यांदा मोजायच्या.
त्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यासमोर धुकं यायला लागलं होतं. काड्या एकमेकींत मिसळायच्या. डाव्याने मोजायला गेलो तर दहा मिनिटांत पाणी यायचं. मी कोणाला सांगितलं नाही. गरुडाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोणत्या तोंडाने जायचं?
चिठ्ठ्यांचं पॅड टेबलावरच असायचं. ती पेन दाबून लिहायची. तिची चिठ्ठी पेटीत जायची, पण खालच्या कोऱ्या कागदावर दाब उठलेला असायचा. पेन्सिल आडवी धरून त्यावरून हलकी फिरवली की आकडा पांढरा उमटायचा. आमचं कामच ते, न दिसणारी जखम दिसती करायची. मी तो आकडा बघायचो, त्यात दोन-चार इकडेतिकडे करायचो आणि माझी चिठ्ठी टाकायचो. पहिल्यांदा नवव्या पट्टीला केलं. नंतर सगळ्यांना.
सतरा मी मोजलीच नव्हती. तिने ४६३ लिहिलं, मी ४५९.
एवढंच असतं तरी पुरे होतं. पण मोजणी संपल्यावर बाईंनी मला विचारलं होतं, "वहिनी म्हणतात त्यांचा सतराचा आकडा धरू नका, त्यांची नजर साथ देत नाही. तुमचं काय म्हणणं?" मी म्हणालो, "माझा आकडा बरोबर आहे. तिचे डोळे हल्ली दुखतात खरे." तिचे डोळे दुखत नव्हते. ती सुईत दोरा एका झटक्यात ओवायची.
त्यानंतर तिने मायक्रोस्कोप सोडला. बाईंनी तिला धुलाईखोलीत दिलं, पट्ट्या कॉस्टिकमध्ये ठेवायच्या आणि धुवायच्या कामाला. पाच वर्षं ती तिथे होती. हातमोजे घातले तरी मनगटावरची कातडी सोलायची. घरी मलम लावताना मी समोर बसलेला असायचो.

१३ मार्च
चार थेंब.
एक गोष्ट काल लिहायची राहिली. सतरा मोजली त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं होतं, "सतरा कशी वाटली?" कामाचं घरी बोलायचं नाही हा तिचाच नियम, म्हणून लक्षात राहिलं. मी म्हणालो, "गच्च भरलीय." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि मला आणखी वाढलं. मला वाटलं, पट्टीचं तिलाही कौतुक वाटलं असेल.

१६ मार्च
बाईंना ३६१ सांगितला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहा वर्षं त्या कुबडावर बोलत आल्या आहेत. पण त्या हळहळल्या नाहीत. लगेच म्हणाल्या, "वहिनी चुकल्या हे समजू शकते. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण तुमचा ४५९ कुठून आला?"
मी तयार नव्हतो. तोंडातून आपोआप निघालं, "मोजायची चौकट पट्टीवर शाईने तिने आखली होती. मोठी आखली गेली असेल. मी तीच चौकट धरून मोजलं."
शाई मोजणीनंतर पुसतात. आता ते खरं की खोटं कोणीच सांगू शकणार नाही. हे मला बोलतानाच माहीत होतं.
"अस्सं," बाई म्हणाल्या. "मग जुळतं."
थेंब टाकले की नाही आठवत नाही.

१८ मार्च
चार थेंब.
बाईंनी मासिकाला पाठवायचा दुरुस्तीचा मजकूर दाखवला. सहा ओळी. त्यातली एक : 'सतराव्या पट्टीवरील मोजणीक्षेत्र आखताना पहिल्या मोजणीकाराकडून, जे आता हयात नाहीत, दृष्टिदोषामुळे चूक झाली.'
"वहिनींबद्दल असं लिहायला हात उचलत नाही," बाई म्हणाल्या. "पण कारण दिल्याशिवाय दुरुस्ती छापत नाहीत. तुम्ही घरचे आहात. तुमची हरकत नसेल तरच सोमवारी पाठवते."
मी म्हणालो, "हरकत कसली." बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.
बाहेर लेथवाला म्हणाला, "काय झालं हो? चेहरा का असा?" डोळ्यात थेंब टाकलेत, म्हणालो.

१९ मार्च
मुलीचा फोन. थेंब टाकता ना, जेवता ना. हो हो म्हणालो. मग ती म्हणाली, "बाबा, आईची लॉकरमधली पिशवी आणलीत का? धुलाईखोलीतली?" विसरलो म्हणालो. विसरलो नव्हतो.

२० मार्च
चार थेंब.
शुक्रवार. मजकूर सोमवारी जाणार. एक शंका होती. तिची नजर खरंच गेली असेल तर आजूबाजूच्या पट्ट्याही चुकलेल्या असायला हव्यात. त्या तशा निघाल्या तर बाईंचा मजकूर खराच ठरेल आणि मला निदान झोप लागेल, असा हिशेब केला. सोळा, अठरा आणि एकोणीस काढल्या.
सोळा : मी ३४९, तेव्हाचा तिचा ३४२. अठरा : मी ३६६, तिचा ३७०. एकोणीस : मी ३८८, तिचा ३८१.
एकही चुकलेली नाही. तिची नजर तेव्हा माझ्या आजच्या नजरेइतकी स्वच्छ होती.
मग सतरालाच काय झालं? शंभर काड्या जास्त. असं कोणी चुकत नाही. त्या दिवशी तिला बरं नसेल, किंवा दुसऱ्या पट्टीचा आकडा लिहिला गेला असेल. पण ४६३ दुसऱ्या कोणत्याच पट्टीचा नाही. पाहिलं.

२१ मार्च
शनिवार. धुलाईखोलीत गेलो.
तिचा ॲप्रन खुंटीवर होता. लॉकरमध्ये पिशवी. पिशवीत मलमाची अर्धी ट्यूब, हातमोज्यांचा जोड, कंगवा आणि तिची हिरवी वही. मायक्रोस्कोपवर असताना ती रोजचे आकडे त्या वहीत टिपायची. तशी सगळ्यांनाच सवय असते.
धुलाईखोलीत बसायला एकच स्टूल आहे. त्यावर बसून पान काढलं.
१५ : ३३१.
१६ : ३४२.
१७ : ३६४. पुढे रेघ मारून, चिठ्ठीत ४६३.
१८ : ३७०.
तिला तेव्हाच माहीत होतं. तिने ३६४ मोजले आणि चिठ्ठीवर ४६३ लिहिले.
वहीच्या मागच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. चिठ्ठ्यांच्या पॅडचा. पेन्सिलने करडा केलेला, मध्ये पांढरा आकडा ३४२. सोळाव्या पट्टीचा. पेन्सिल माझी. मी ते कागद चुरगाळून मायक्रोस्कोपच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकायचो. रोज सकाळी ती टोपली रिकामी कोण करायचं, हे मी कधी विचारात घेतलं नाही.

२२ मार्च
थेंब नाही.
दिवसभर त्या एका प्रश्नाचा विचार करतो आहे. सतरा कशी वाटली? सोळाचा कागद सापडला म्हणून तिने सतराला मुद्दाम चुकीचा आकडा लिहिला, मी खरंच मोजतो का ते पाहायला, आणि मग विचारून मला संधीही दिली होती. मी "मोजलीच नाही" म्हणालो असतो, नुसतं "नीट दिसत नाही" म्हणालो असतो, तरी दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठी बदलून घेतली असती. मी "गच्च भरलीय" म्हणालो. तिने मला वाढलं.
पेटी उघडल्यावर दोन्ही आकडे जुळलेले होते. तिने खरं सांगितलं असतं तर मी उघडा पडलो असतो. म्हणून तिने फक्त स्वतःचा आकडा मागे घेतला, डोळ्यांचं निमित्त सांगून. आणि मी तिला खोडून काढलं. तिच्याच सबबीचा तिच्यावर शिक्का मारून.
पाच वर्षं एका ताटासमोर बसलो. तिने एकदाही विषय काढला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एवढंच म्हणायची, "अहो, डोळे दाखवून घ्या ना." मी चिडायचो. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"
मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, चौकटीच्या थापेसकट. ती म्हणाली, "मला वाटायचं, डोळ्यांचं बघ असं आई तुमच्या काळजीने सांगतेय." मी म्हणालो, काळजीनेच. ती म्हणाली, "नाही बाबा. आता तसं म्हणू नका." आणि फोन ठेवला.

२३ मार्च
साडेनऊला बाईंच्या दारात होतो. आतून आवाज आला, "गरुड, या, सहीच करते आहे."
हिरवी वही आणि करडा कागद टेबलावर ठेवला. म्हणालो, "सही करू नका. ते खोटं आहे."
उभ्यानेच सांगितलं. खुर्ची त्यांनी सारली होती, मी बसलो नाही. मधे एकदाच थांबवून त्यांनी विचारलं, "नवव्या पट्टीपासून सगळ्या?"
"सगळ्या."
"आणि चौकट?"
"ती मी सोळा तारखेला इथे उभ्या उभ्या रचली."
बाईंनी करडा कागद खिडकीकडे धरला. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. सोळा पट्ट्या, आणि एकदाही चारपेक्षा जास्त फरक नाही. दोन माणसं खरोखर मोजतात तेव्हा इतकं जुळत नाही. एखादी काडी एकाला काडी वाटते, दुसऱ्याला ओरखडा. मला जुळलेलं आवडलं, म्हणून मी विचारलं नाही." आणि मग, "त्या माझ्याकडे आल्या होत्या, गरुड. याच दारात. मी म्हणाले, वहिनी, तुमचा चुकला तर गरुडचाही तेवढाच कसा चुकेल? त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं."
मजकूर त्यांनी फाडला. नवा मला लिहायला लावला. 'दुसऱ्या मोजणीकाराने नवव्या पट्टीपासून स्वतंत्र मोजणी केली नाही. पहिल्या मोजणीकाराच्या मूळ नोंदी बरोबर आहेत.' मी म्हणालो, चिठ्ठीवर ४६३ तिने जाणून लिहिला, ते लपवता येणार नाही. बाई म्हणाल्या, "तेही लिहा. का लिहिला तेही लिहा. त्यांनी काही लपवलं नव्हतं. ऐकायला आपण नव्हतो."
तीनदा खोडून लिहिलं.

२५ मार्च
चार थेंब.
मला मायक्रोस्कोपवरून काढलं. चोवीस पट्ट्या बाई आणि विभागातली दुसरी एक जण मोजणार. मी धुलाईखोली मागितली, मिळाली. लेथवाल्याच्या कानावर गेलंच असणार. आज त्याने नुसती मान हलवली. गरुड म्हणाला नाही.
तिचे हातमोजे मला होत नाहीत.

२ एप्रिल
दुपारी बाई धुलाईखोलीत आल्या. इथे त्या कधी येत नाहीत. हातात पाच नंबरचा लखोटा.
"ही तुम्ही मोजायची. आकडा कुठे छापणार नाही. पण मोजा." हिरवी वही त्यांनी त्यांच्याच कपाटात कुलपात ठेवली आहे. पाचव्या पट्टीला माझा डोळा थोडाफार शाबूत होता, मी ती मोजली होती असं मला आठवतं. पण खात्री देता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

३ एप्रिल
चार थेंब. आज औषध संपलं.
सकाळी मोजली. घाई केली नाही. एका ठिकाणी थांबलो. काडी की ओरखडा, कळेना. दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून पाहिलं, मग काडी धरली. चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली, बाईंना दिली. पॅडचा पुढचा कागदही फाडून दिला.
बाईंनी कुलूप काढून वही उघडली. चिठ्ठी तिच्याशेजारी ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे वळवली.
ती : २८७. मी : २९८.
अकराचा फरक.
घरी येऊन मुलीला फोन लावला. तिने उचलला. म्हणालो, "आज पाच नंबर मोजली. आईचा आकडा आणि माझा, जुळले नाहीत."